आधी मशीन, मग भंडारा

सुलाबाईंना कशाची भीती वाटत नाही, असं मी पाच वर्षं धरून चालले होते. मला विचाराल तर मला सगळ्याचीच वाटते. नाव माझं क्रांती. प्रतिसरकारच्या कुंडलची असल्यामुळे वडिलांनी हौसेनं ठेवलं, पण नावाला जागायचं माझ्याच्यानं कधी झालं नाही. झुरळ दिसलं तरी मी खुर्चीवर चढते. दहावीच्या पोरांना हे माहीत आहे आणि ती त्याचा पुरेपूर फायदा घेतात.

शाळा वडूजपासून अकरा किलोमीटरवरच्या एका वाडीत. वाडीचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात आणि ते मला टिकवायचं आहे. पाचवी ते दहावी मिळून ब्याण्णव पोरं. मी गणित आणि विज्ञान शिकवते, वडूजला खोली घेऊन राहते आणि स्कूटीवरून येऊन-जाऊन करते. सुलाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. पन्नाशी उलटलेल्या, उंच, सडसडीत, नऊवारी नेसणाऱ्या. लहानपणापासून मेंढरांमागं चालून चालून पायांच्या नुसत्या काठ्या झालेल्या. मुलगा धुळा झाला तोही म्हणे कोकणात उतरताना, घाटाच्या तोंडाशी, आणि तिसऱ्या दिवशी या बाई पुन्हा चालायला लागल्या. हे त्या अशा सांगायच्या की जणू एसटी चुकली आणि पुढची धरली.

लिहिता-वाचता येत नाही, पण आकडे येतात. आणि मोजणी तर अशी की प्रार्थनेला पोरं उभी राहिली की चुलीपुढून एक नजर टाकून म्हणायच्या, "दोन कमी हायती." मी हजेरी घ्यायची तेव्हा दोनच गैरहजर निघायची. मी गणिताची बाई! मला आधी राग यायचा, मग सवय झाली.

त्यांच्या कमरेला एक पिवळी पिशवी असायची. त्यात बिरोबाचा भंडारा, म्हणजे हळदच, पण त्यांना हळद म्हटलेलं चालायचं नाही. सकाळी चूल पेटवायच्या आधी चिमूटभर पातेल्याला, मग स्वतःच्या कपाळाला, मग समोर जो असेल त्याला. आमचे हेडमास्तर हंबीरराव सर एकदा तालुक्याच्या साहेबांना घेऊन स्वयंपाकघर दाखवायला आले, तर साहेबांच्या कपाळालाही अंगठा टेकवला गेला. साहेब घाबरून मागं सरले आणि पिंपाला धडकले. सुलाबाई म्हणाल्या, "असू द्या, चांगलंच असतंय."

मग कोरोनाचे ते दिवस आले आणि शाळा बंद पडली.

त्या दिवसांबद्दल मला फार बोलवत नाही, पण एवढं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्हा शिक्षकांना नाक्यावर ड्यूटी होती. गाड्या थांबवायच्या, पास बघायचा, नाव लिहायचं. दुसऱ्या वर्षी पाडव्याला मी कुंडलला घरी गेले, तेव्हा माझा घसा जरा खवखवत होता. नाक्यावरची धूळ, दुसरं काय! मी आईच्या हातची पुरणपोळी खाल्ली, अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेजारी बसून खाल्ली, त्यांच्या ताटातली अर्धी उचलून घेतली. चौथ्या दिवशी अण्णांना ताप आला. सांगलीत बेड मिळेपर्यंत दोन दिवस गेले. मे महिन्याच्या दुसऱ्या तारखेला अण्णा गेले आणि आम्हाला लांबून दाखवले.

घरात मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझी गत अशी झाली की कुणी शिंकलं तरी मी चार पावलं मागं सरायची. भाजी मिठाच्या पाण्यात, नोटा इस्त्रीखाली, दाराच्या कडीला सॅनिटायझर. घरमालकीणबाई मला बघून हसायच्या. हसेनात का.

ऑक्टोबरात शाळा उघडायची ठरली. मीटिंगमध्ये मी स्पष्ट सांगितलं, घाई होतेय. पोरांना काही होणार नाही म्हणता, पण ती घरी जाऊन आजीच्या मांडीवर बसतात, त्याचं काय? हंबीरराव सर म्हणाले, बाई, वरून आदेश आहे. मी म्हटलं, वरच्यांची पोरं येणार आहेत का बाकावर बसायला? सरांनी चष्मा काढून पुसला. ते काही बोलायचं नसलं की चष्मा पुसतात.

दाराशी सुलाबाई उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या बोलल्याच. "उगडा वो सायेब. काय वाट्टेल ते करा, पर साळा उगडा."

मीटिंग संपल्यावर मी त्यांना नळापाशी गाठलं आणि चांगलं सुनावलं. तुम्हाला काय, तुम्हाला कशाची भीती नाही. तेव्हा त्यांनी नातीचं सांगितलं.

प्रांजल, धुळाची थोरली, नववीत. गणितात माझ्या वर्गात पहिली. दीड वर्ष पोरगी घरी. मोबाइल एकच, तो धुळाकडे, आणि धुळा रानात. मग ऑनलाइन शाळा कुठली आणि काय! घरात बसलेली पोरगी बघून धुळानं माणदेशातलं एक स्थळ आणलं होतं. दिवाळी झाली की मेंढरं कोकणात उतरणार, त्याआधी बोलणी, आणि तुळशीचं लग्न झालं की हिचं. पंधरा वर्षांची पोर! कायदा सांगितला तर धुळा म्हणाला होता, कायदा काय मेंढरं राखायला येतोय का.

"म्या तेच्या पुढं बसले बाई," सुलाबाई म्हणाल्या. "म्हटलं, साळा उगडली तर? तर तो म्हनला, साळा चालू ऱ्हायली तर धावी हुईस्तवर थांबतो. पर परत बंद पडली तर मी कुनाचं आयकनार न्हाई. बेलभंडारा उचलून शपथ घेतलीया तेनं बिरोबापुढं. आता तुमीच सांगा."

मी काय सांगणार? मला शाळा उघडायची धास्ती आणि यांना बंद पडायची. घरी जाऊन मी रात्रभर कूस बदलत राहिले.

शाळा उघडली. आवारात चुन्याचे गोल, एका बाकावर एक पोर, पालकांची संमतीपत्रं, फाटकावर सॅनिटायझर आणि ताप बघायची ती गन. खिचडी बंदच होती, कोरडा शिधा वाटायचा होता. मग सुलाबाईंना काम काय? त्याच म्हणाल्या, "फाटक माज्याकडं द्या." सरांनी दिलं. मी गन कशी धरायची ते शिकवलं: कपाळापासून चार बोटं लांब, बटण दाबायचं, आकडा वाचायचा. शंभरच्या वर गेलं की पोर आत घ्यायचं नाही, घरी धाडायचं आणि मला सांगायचं. त्यांनी दोनच वेळा विचारलं आणि मशीन बरोबर धरलं.

आणि काम असं चोख की विचारू नका. मास्क नाकावर नसला तर पोर आत नाही. सरपंचांना आत नाही. सरांचा मास्क एकदा घरी राहिला, तर सर पाव तास फाटकाबाहेर उभे! प्रत्येक पोरामागं हात धुवायच्या. हातांची सालं निघाली, पण धुवायचं सोडलं नाही.

एकच गोष्ट मला खटकली. तिसऱ्या दिवसापासून पोरं पिवळी कपाळं घेऊन वर्गात यायला लागली. पिवळी म्हणजे भुवयांपासून केसांपर्यंत थापलेली. मी म्हटलं, "मावशी, हात लावायचा नाही असं ठरलंय ना?"

"हात कुटं लावला बाई? भंडारा लावला."

पोरांची आयाबापं खूश होती, हात धुतलेले होते, हळदच होती. मी सोडून दिलं. विज्ञान शिकवणारी बाई मी, आणि सोडून दिलं. हे वाक्य मी मनात किती वेळा घोळवलं असेल त्याला हिशोब नाही.

कारण मला त्या दिवसांत एकाच गोष्टीचा आधार होता, ते फाटकावरचं रजिस्टर. सुलाबाई आकडा सांगायच्या आणि दहावीचा मॉनिटर लिहायचा. मी मधल्या सुट्टीत ते उघडायची. सत्त्याण्णव पॉइंट दोन, सत्त्याण्णव पॉइंट चार, सत्त्याण्णव, शहाण्णव पॉइंट नऊ. पानंच्या पानं सत्त्याण्णव. ते वाचलं की छातीवरचा दगड जरा हलायचा आणि मला डबा खाता यायचा.

पंधरा दिवस असे गेले. दसरा झाला. मग एका बुधवारी मी लसीचा दुसरा डोस घेतला. सिस्टर म्हणाल्या, उद्या अंग दुखेल, ताप येईल, घाबरू नका. सकाळी खरंच अंग ठणकत होतं. घरच्या थर्मामीटरवर एकशे एक. मला भीती वाटली नाही हो! मीच, शिंकेला घाबरणारी, आरशात बघून हसले. म्हटलं, हा हक्काचा ताप आहे. दहावीची चाचणी होती, तेव्हा तशीच स्कूटी काढली आणि गोळी टेबलावरच विसरून आले.

फाटकावर मी सुलाबाईंची थट्टा केली. "मावशी, आज मला ताप आहे बरं का. लसीचा. बघू तुमचं मशीन काय म्हणतं."

त्यांनी आधी पिशवीत अंगठा घातला, माझ्या कपाळावर भंडारा फासला आणि मग मशीन धरलं. "सत्त्याण्णव पाइंट येक. कुटाय ताप?"

मी हसले. मग माझं हसू थांबलं.

ओढणीनं कपाळ घासून पुसलं. "परत धरा." एकशे एक पॉइंट दोन. "आता लावा भंडारा." लावला. सत्त्याण्णव पॉइंट तीन. पुन्हा पुसलं, पुन्हा एकशे एक. ते मशीन कपाळ मोजतच नव्हतं. हळदीचा थर मोजत होतं. पंधरा दिवस, ब्याण्णव पोरं, आणि रजिस्टरातला तिसऱ्या दिवसापासूनचा एकही आकडा खरा नव्हता. कुणाला ताप होता, कुणाला नव्हता, कुणाच्या घरात आता कोण खोकत पडलंय, काही म्हणता काही कळायला मार्ग नव्हता.

मास्क हनुवटीवर ओढून मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. तुम्ही पोरांचा जीव घेणार, इतकं बोलले. सुलाबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या आणि रांगेतली पोरं बघत होती. माझ्या दंडाला न धरता, नुसत्या मानेनं खुणावून त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि विझलेल्या चुलीपुढं खाली बसल्या.

"दुसऱ्या दिशी प्रांजलला म्या मशीन लावलं," त्या म्हणाल्या, "तर शंभर पाइंट आठ. आदल्या दिशी पावसात भिजली हुती. म्हटलं, झालं, आता साळा गेली, पोरगी गेली. म्या डोळं मिटलं, बिरोबाचं नाव घेतलं आन भंडारा लावला, कपाळभर. परत मशीन लावलं तर सत्त्याण्णव! मला वाटलं, देवानं ताप उतरवला. म्हून मग समद्यांनाच आदी भंडारा लावाय लागले. म्हटलं, कुनालाच ताप नगं."

माझा राग कुठं गेला कळलं नाही. पण भीती जागची हलली नाही, उलट तिला आता एक चेहरा मिळाला होता. प्रांजल त्या दिवशी अंगात ताप घेऊन वर्गात बसली होती. पहिल्या बाकावर, माझ्यापुढं.

हंबीरराव सरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "झालं ते झालं बाई. उद्यापासून कपाळं पुसून घ्या. गावात एक शब्द बाहेर गेला तर एक पोर येणार नाही." तेही घाबरले होते, त्यांची चूक काढत नाही. मी म्हटलं, सर, सगळ्यांची तपासणी करायला पाहिजे. सरांनी चष्मा काढला.

तेव्हा सुलाबाई बोलल्या. "तपासा समद्यांना. पयली माज्या नातीला तपासा."

"मावशी," मी म्हटलं, "एक जरी निघालं तर शाळा बंद होणार. मग धुळा…"

"म्हाईत हाय मला." त्यांचा आवाज फुटला. पदर त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. "लय भ्या वाटतंय बाई. पर मेंढरात येक जरी दुखन्याला आलं तर म्या कवा झाकून ठेवलं न्हाई, आन ही तर मानसाची पोरं हायती."

त्या दुपारी त्या वाडीतल्या प्रत्येक घरापुढं गेल्या. अंगणात लांब उभं राहून, मास्क लावून, एकच सांगत होत्या: चूक माझी झाली, पोरांना उद्या तपासायला घेऊन या. लोकांनी शिव्या घातल्या. एका बाईनं दारातली माती त्यांच्यापुढं फेकली. धुळा रानातून आला तेव्हा त्याला हे गावानंच सांगितलं. तो आईला एवढंच म्हणाला, "आयं, तूच आपल्या हातानं केलंस. आता माज्या नावानं खडं फोडू नगंस."

शुक्रवारी आरोग्य केंद्राच्या सिस्टर किटची खोकी घेऊन आल्या. व्हरांड्यात टेबल मांडलं. प्रांजल पहिली. नाकात काडी गेली तशी तिनं आजीकडे बघितलं, आणि आजी खांबाला धरून उभी. पंधरा मिनिटं. मी आयुष्यात इतकी लांब पंधरा मिनिटं बघितली नाहीत, आणि मी दवाखान्याबाहेर बसलेली बाई आहे.

एकच रेघ. निगेटिव्ह.

दुसरं पोर. तिसरं. दहावं. प्रत्येक वेळी सिस्टरांनी पट्टी उचलली की मी आधी रेघा मोजायची. सुलाबाई तोंडातल्या तोंडात मोजत होत्या. चाळीस. साठ. एक आजारी म्हणून आला नव्हता, त्याच्या घरी जाऊन तपासलं, तर त्याला हगवण. ब्याण्णवच्या ब्याण्णव निगेटिव्ह! प्रांजलची ती कणकण कशाची होती ते आजवर कळलेलं नाही, भिजल्याचीच असणार. आयाबापांनी एकदम कालवा केला. सुलाबाई मटकन खाली बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या.

मग शिक्षक. सर निगेटिव्ह, शिपाई निगेटिव्ह, सुलाबाई निगेटिव्ह. सिस्टर मला म्हणाल्या, "तुमचं राहू दे का? लसीचाच ताप ना?" मी म्हटलं, किट उरलंय तर घ्या, उगाच रुखरुख नको.

माझ्या पट्टीवर दोन रेघा उठल्या.

सिस्टर बोलायच्या आधी मला दिसलं. लसीचा ताप. नाक्यावरची धूळ. तीच बाई, तीच चूक. अंगात ताप आहे हे घरी थर्मामीटरनं सांगितलं होतं, हळद मध्ये नव्हती, देव मध्ये नव्हता, आणि तरी मी आले होते. पंधरा दिवसांत त्या फाटकातून रोग घेऊन एकच माणूस आत गेलं होतं, ते मी. आणि ते मशीन खोटं बोलतंय हे कळल्यावरसुद्धा मला स्वतःलाच अडवावं हे सुचलं नाही.

सुलाबाई उठून माझ्याकडे यायला निघाल्या. "लांब व्हा!" मी किंचाळले. "मावशी, काल मी मास्क काढून तुमच्यापुढं ओरडले. लांब व्हा माझ्यापासून!"

शाळा त्याच दुपारी बंद केली.

पुढचे दिवस मी वडूजच्या खोलीत एकटी. घरमालकीणबाई दारात ताट ठेवायच्या आणि कडी वाजवून पळायच्या. ताप दोन दिवसांत उतरला. लस होती म्हणून निभावलं असं डॉक्टर म्हणाले. पण मला माझं काय पडलं होतं? दहावीच्या चाचणीचे पेपर मी वाटले होते, ती पोरं. आणि सुलाबाई. शुक्रवारची तपासणी कसली धरायची? माझ्यासमोर उभ्या राहून तेव्हा एकच दिवस झाला होता, अजून काहीही होऊ शकत होतं. अण्णांनाही चौथ्या दिवशी ताप आला होता. मी बोटांवर दिवस मोजायची.

शेजारच्या पोराच्या मोबाइलवरून सुलाबाई रोज संध्याकाळी फोन करायच्या. "हालो" म्हणायच्या आत माझा प्रश्न, "वास येतोय का?" त्या म्हणायच्या, येतोय, गवऱ्यांचा. दुसऱ्या दिवशी, येतोय, सुक्या बोंबलाचा. तिसऱ्या दिवशी, "येतोय बाई, पर सांगन्यासारका न्हाई." चौथ्या दिवशी फोनवर त्या खोकल्या. माझ्या हातातून मोबाइल पडला. उचलला तर पलीकडून, "आवं मिरची भाजतीया! आयकताय का?" त्या रात्री मी लायटी चालू ठेवून झोपले.

पाचव्या दिवशी मी विचारलं, "धुळाचं काय?" विचारायचं धाडस तेवढ्या दिवसांनी झालं.

"तेनं पावन्यास्नी बोलनी कराय बलीवलं."

अण्णा माझ्यामुळं, आता ही पोरगी माझ्यामुळं. "मावशी, माझ्यामुळं झालं हो."

"आयका तर आदी," त्या म्हणाल्या. "धुळ्याला म्हटलं, तू भंडारा उचललास, मी मदी येनार न्हाई. पर पावन्यास्नी फसवायचं न्हाई. दे फोन. आन म्याच सांगितलं बगा पावन्यास्नी. म्हटलं, या की, जेवायलाच या. फकस्त पोरीची बाई पाझिटिव निगाल्यात. पोरगी त्यांच्या म्होरच्याच बाकावर बसती. आमी समदी चौदा दिस घरातच हाय. पोरीनं च्या दिला तर कप जरा लांबनं घ्या."

"मग?"

"मग काय! पावनं म्हनलं, दिवाळीनंतर बगू. काल निरोप आला, त्यांनी दुसरी सोयरीक जुळीवली." त्या हसायला लागल्या. "तुमच्या रोगानं येक तरी काम केलं बाई."

मी हसले की रडले सांगता येणार नाही. पण भीती गेली नाही. सातव्या दिवशी त्यांची आणि दहावीच्या पोरांची दुसरी तपासणी झाली, सगळी निगेटिव्ह. सिस्टरांकडून मी पट्ट्यांचा फोटो मागवला आणि सुलाबाईंची पट्टी बोटांनी मोठी करकरून बघितली.

धुळाला सुलाबाईंनी पटवून दिलं की शाळा बंद पडली नाही, दिवाळीची सुट्टी चार दिवस आधी लागली. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन तो कोकणात उतरला. जाताना प्रांजलला म्हणाला, "धावीपातूर. पुढचं पुढं."

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. त्या सकाळी मी स्कूटी फाटकाबाहेर लावली, तेव्हा रांग लागलेली होती. प्रत्येक पोराच्या हातात आपापला रुमाल, ओला केलेला. कपाळ पुसायचं, वाळू द्यायचं, मग मशीन. आकडा लिहून झाला की पिशवीतला भंडारा ज्याचा त्यानं चिमटीनं घ्यायचा. सुलाबाई खड्या आवाजात प्रत्येकाला तेच सांगत होत्या, "आदी मशीन, मग भंडारा."

माझी पाळी आली. कपाळ पुसलं. त्यांनी मशीन धरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"नव्याण्णव पाइंट आठ. माघारी."

"मावशी, उन्हातून गाडीवर आलेय. आणि नियम शंभरचा आहे."

"तो पोरांचा. तुमाला नव्याण्णव."

"अहो, दहावीचा तास आहे माझा!"

"असंल. निंबाखाली बसा. पाव घंट्यानं बगू." आणि त्या फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. पाठीमागं पोरं खुसखुसत होती. प्रांजल वर्गाच्या दारातून बघत होती.

मी निंबाखाली जाऊन बसले. मनगटाला हात लावून बघत होते, पुन्हा आलं की काय. आणि एकाएकी मला कुंडलच्या घराचं दार दिसलं. पाडव्याची सकाळ, दाराला तोरण, आत अण्णा ताटावर बसलेले, आणि मी घसा खाकरत चप्पल काढतेय. त्या दारात अशी एखादी बाई आडवी उभी असती तर! "माघारी" म्हणाली असती तर मी भांडले असते, रुसले असते, पुरणपोळी न खाता वडूजला परत आले असते. आणि अण्णा आज असते.

मी गुडघ्यात तोंड घालून रडले. अण्णा गेल्यापासून अशी रडले नव्हते. कुणी जवळ आलं नाही. सुलाबाईंनी कुणाला येऊ दिलं नाही.

पाव तासानं त्या आल्या. चार बोटं अंतर ठेवून मशीन धरलं.

"अठ्ठ्याण्णव पाइंट दोन," त्या म्हणाल्या. "जावा आता. धावीची पोरं दंगा करत्याती."